लस, साक्षी आणि संख्या

एखादें औषध गुणकारी आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्या म्हणण्यामागें बहुधा एक गोष्ट असते. शेजारच्या घरीं कोणाला तरी ताप आला, अमुक एक काढा दिला आणि ताप उतरला. गोष्ट खरी असते. सांगणाराहि खोटें बोलत नसतो. परंतु काढा न देतां ताप उतरला असता काय, हा प्रश्न त्या गोष्टीच्या पोटांत तसाच पडून राहतो. एका घरापुरता तो पडून राहिला तरी चालतें. पण लाखों माणसांना एखादी लस टोचावी कीं नाहीं हें जेव्हां ठरवावयाचें असतें, तेव्हां त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत प्राणांनीं मोजावी लागते. सार्वजनिक आरोग्याच्या शास्त्रानें हा प्रश्न विचारण्यास कसें शिकून घेतलें, आणि एकाच प्रयोगावर न विसंबतां सर्व प्रयोग गोळा करून, पारखून, एकत्र तोलण्याची रीत कशी पडली, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्या इतिहासाचा बराचसा आरंभीचा भाग आपल्या मुंबईंतच घडला.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांतील रोग्यांना तपासतांना, मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं हा गांठीचा प्लेग होय असें निदान केलें. पुढच्या कांहीं महिन्यांत लाखों माणसें शहर सोडून गेलीं. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. हे मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत तयार झालेले, आणि १८९३ पासून हिंदुस्थानांत कॉलऱ्याची लस टोचीत फिरत असलेले शास्त्रज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना थोडीशी जागा मिळाली. पौष्टिक रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले म्हणजे त्यांच्या आधारानें प्लेगचे जंतु झुंबरासारखे खालीं लोंबत वाढतात, असें त्यांना आढळलें. ते जंतु उष्णतेनें मारून त्यांनीं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. त्यांत धैर्य होतें यांत शंका नाहीं. पण तो पुरावा नव्हता. लस टोचून घेणारा मनुष्य मरत नाहीं एवढेंच त्यावरून कळलें. प्लेगपासून तो वांचतो कीं नाहीं, हें त्यावरून कळण्यासारखें नव्हतें.

तें कळण्याची संधि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत आली. तुरुंगांत प्लेग शिरला होता. जे कैदी स्वखुषीनें पुढें आले त्यांना ३० जानेवारी रोजीं लस टोचण्यांत आली. बाकीचे तसेच राहिले. अन्न एक, पाणी एक, भिंती एक. साथ ओसरल्यावर झालेला हिशेब असा: न टोचलेल्या १७२ कैद्यांपैकीं १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ मेले, टोचलेल्या १४७ पैकीं २ जणांना झाला, मेला मात्र कोणीच नाहीं.

हे आंकडे ऐकतांच मन खूष होतें. परंतु थोडें थांबून पाहावें. न टोचलेल्यांतील पांच रोगी कमी झाले असते आणि टोचलेल्यांत तितकेच वाढले असते, तर दोन्ही पारडीं जवळजवळ सारखीं झालीं असतीं. पांच माणसांचा खेळ हा! दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. जे कैदी आपण होऊन पुढें आले, ते कोण? कदाचित् अधिक धट्टेकट्टे, अधिक सावध, नवीन गोष्टीस न भिणारे. तसें असेल, तर ते लसीनें वांचले कीं आपल्या मूळच्या प्रकृतीनें वांचले, हें कसें सांगावें? हाफकिन यांना हा आक्षेप ठाऊक नव्हता असें नाहीं. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्यें कॉलऱ्याची लस टोचतांना एकाच वस्तींतील, एकाच घरांतील टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची तुलना करण्याचा धडा त्यांनीं घेतलेला होता. बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं १८९८ च्या फेब्रुवारींत त्यांनीं तो धडा पुरा गिरविला. तेथें घरोघरचीं माणसें एकत्र बोलावून, वय व प्रकृति पाहून, प्रत्येक घरांतील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना टोचली नाहीं. पुढें ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत न टोचलेलीं ६४ माणसें होतीं. त्यांतलीं २७ आजारी पडून २६ मेलीं. टोचलेलीं ७१ होतीं. त्यांतलीं ८ आजारी पडून ३ मेलीं. कोणाला टोचावें हें येथें टोचून घेणाराच्या इच्छेवर राहिलें नाहीं. माझ्या मतें उंढेऱ्याच्या त्या निम्म्या-निम्म्या वांटणीला आरोग्यशास्त्राच्या इतिहासांत जितकें स्थान मिळावयास हवें होतें तितकें मिळालेलें नाहीं. तेथें ज्यांना लस दिली नाहीं त्यांच्यापैकीं सव्वीस जण गेले, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं. मात्र त्या दिवशीं लस तारक आहे कीं मारक, हें कोणालाच निश्चित ठाऊक नव्हतें.

आतां सरकारापुढें प्रश्न होता: तुरुंग, खेडीं, गिरण्या, जातिजातींच्या वस्त्या अशा अनेक ठिकाणांहून येणारे हे आंकडे खरे धरावयाचे किती? त्यांचा निवाडा करण्यासाठीं १८९८ सालीं प्लेग कमिशन नेमण्यांत आलें. एडिंबरोचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर हे त्याचे अध्यक्ष. कमिशननें ७० बैठकी घेतल्या व २६० साक्षीदार तपासले. पूर्वीचें सर्व कांहीं जमवून मग बोलावें ही कल्पना तशी जुनी आहे. जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें १७४७ सालीं जहाजावरील १२ रोग्यांवर संत्रीं-लिंबांचा प्रयोग केला, आणि १७५३ सालीं त्या रोगावरील ग्रंथ लिहितांना आधींच्या लेखकांचें सर्व लिखाण चाळून काढलें. पण त्याच ग्रंथाच्या गर्दींत त्याचा स्वतःचा छोटा प्रयोग झांकून गेला, आणि इंग्रजी आरमारानें लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडावें लागलें. ढीग मोठा झाला म्हणजे त्यांतील मोतीं दिसतेंच असें नव्हे.

प्लेग कमिशनचेंहि कांहींसें तसेंच झालें. लसीविषयीं त्यांनीं दिलेला निर्णय जपून दिलेला व न्याय्य होता. लसीनें प्लेग होण्याचें प्रमाण बरेंच घटतें हें त्यांनीं मान्य केलें, पण ठिकठिकाणचे आंकडे ज्या रीतीनें ठेवले होते त्यांतील दोषहि दाखवून दिले. हे दोष केवळ कारकुनांचे नव्हते. घरझडत्यांच्या व सक्तीनें इस्पितळांत नेण्याच्या भीतीनें लोक रोगी लपवीत आणि मृत्यूचें कारण भलतेंच नोंदवीत. प्लेगच्या नांवावर नोंदलेल्या मृत्यूंपेक्षां शहरांतील एकूण मृत्यु फार अधिक वाढलेले दिसत. सरकारनें दहशत बसवावयाची आणि नंतर शास्त्रज्ञांनीं खरे आंकडे मागावयाचे, या दोन गोष्टींचा मेळ बसणें शक्यच नव्हतें.

परंतु रोग पसरतो कसा, या प्रश्नावर कमिशन चुकलें. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचीस एक साधा प्रयोग केला होता. प्लेगनें आजारी असलेला, पिसवांनीं भरलेला उंदीर एका बरणींत ठेवून, त्याला स्पर्श होणार नाहीं अशा रीतीनें जाळीच्या पिंजऱ्यांत दुसरा निरोगी उंदीर ठेवला; तोहि प्लेगनें मेला. रोगाची वाहक पिसू आहे, हें त्यावरून सिमाँ यांनीं ताडलें. कमिशननें त्यांच्या मताला महत्त्व दिलें नाहीं, व उंदरांचेंहि महत्त्व कमीच लेखलें. साक्षींची संख्या पाहिली तर तें स्वाभाविक होतें. पिसूविरुद्ध साक्ष देणारा एक, आणि घाण, हवा, कपडे, धान्य यांच्याविरुद्ध साक्ष देणारे शेंकडों! कोर्टांत जशा साक्षी मोजतात तशा येथें मोजल्या गेल्या. ज्याच्या त्याच्या साक्षीमागें प्रयोग आहे कीं केवळ अनुभवाची समजूत आहे, हें वेगळें करून तोललें गेलें नाहीं.

तो हिशेब पुढें मुंबईंतच दुरुस्त झाला. डॉ. ग्लेन लिस्टन यांनीं प्लेग झालेल्या चाळींमधून गिनीपिग मोकळे सोडले आणि बेवारशी झालेल्या उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर येऊन बसतात हें दाखविलें. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत, जिला १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें, नव्या संशोधन मंडळानें लहान लहान झोंपड्या बांधून काळजीपूर्वक प्रयोग केले. जमिनीवर मोकळे सोडलेले प्राणी प्लेगनें मरत. पिसूची उडी पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगलेले त्याच झोंपडींत, त्याच हवेंत जगत. २६० साक्षीदारांना जें सांगतां आलें नव्हतें तें या टांगलेल्या पिंजऱ्यानें सांगितलें.

मध्यंतरीं हाफकिन यांच्यावर मोठें संकट कोसळलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांतील १९ जण धनुर्वातानें मेले. एकोणीसहि जणांना एकाच बाटलींतील लस दिलेली होती. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यांत आलें. बाटली उघडतांना दोष घडला असावा, प्रयोगशाळेंत नव्हे, ही गोष्ट मान्य होऊन त्यांच्यावरील ठपका निघावयास १९०७ साल उजाडलें. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना त्यासाठीं इंग्लंडांतील वृत्तपत्रांतून भांडावें लागलें.

आतां पुन्हां प्लेग कमिशनकडे वळूं, कारण या कथेचा पुढचा धागा त्याच्याच एका सभासदाच्या हातीं आहे. आल्मरॉथ राइट हे इंग्लंडच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयांतील प्राध्यापक. विषमज्वरावरील लस त्यांनीं तयार केलेली होती. कमिशनच्या कामासाठीं ते हिंदुस्थानांत आले असतां त्यांनीं येथील गोऱ्या पलटणींतील सुमारें ४,००० शिपायांना ती टोचली. १८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध सुरू झालें. तेथें विषमज्वरानें इंग्रजांचे आठ हजारांहून अधिक शिपाई मेले. शत्रूच्या गोळ्यांनीं मेलेल्यांपेक्षां ही संख्या मोठी होती. तेथेंहि कांहींना लस टोचली होती, कांहींना नव्हती. राइट म्हणत, लस गुणकारी आहे हें स्पष्टच आहे. लष्करांतील पुष्कळांना तें स्पष्ट वाटत नव्हतें. अखेर लष्करी वैद्यकीय खात्यांतील एका अधिकाऱ्यानें सर्व आंकडे लंडनच्या कार्ल पीअरसन या संख्याशास्त्रज्ञाकडे पाठविले.

पीअरसन वैद्य नव्हते, आणि माझ्या समजुतीप्रमाणें हेंच बरें झालें. कोणत्या लसीचा जनक कोण, याच्याशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. लेडिस्मिथच्या वेढ्यांतील फौज, इस्पितळांतील नोकरवर्ग, निरनिराळ्या पलटणी, हिंदुस्थानांतील लष्कर, अशा वेगवेगळ्या ठिकाणचे आंकडे त्यांनीं निरनिराळे ठेवले. सर्वांची एकच खिचडी केली नाहीं. प्रत्येक गटांत टोचणी आणि रोगापासून सुटका यांचा संबंध किती दाट आहे तें त्यांनीं एका अंकानें मांडलें. संबंध पूर्ण असेल तर तो अंक १, मुळींच नसेल तर ०. मग त्या सर्व अंकांची सरासरी काढली. रोग न होण्याविषयीं ती सुमारें ०.२३ आली, व झालेल्या रोगांतून वांचण्याविषयीं सुमारें ०.१९. देवीच्या लसीचा अंक ०.६ च्या आसपास होता. सरासरीपेक्षांहि एका दुसऱ्या गोष्टीनें पीअरसन यांना अधिक खटकलें: एका गटांत अंक बराच मोठा, तर दुसऱ्यांत अगदींच क्षुल्लक. लस एकच असतां असें कां व्हावें? त्यांनीं शंका काढली कीं, जे शिपाई आपण होऊन टोचून घेतात ते मुळांतच अधिक काळजी घेणारे असतील, आणि पाणी उकळून पिण्यांतहि तेच पुढें असतील. भायखळ्याच्या तुरुंगांतील तोच आक्षेप सात वर्षांनीं लंडनच्या कागदांवर पुन्हां उमटला.

पीअरसन यांचा हा अहवाल १९०४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या ठिकाणच्या अभ्यासांचे निकाल गणिती पद्धतीनें एकत्र करून आरोग्याच्या प्रश्नाचा निर्णय करण्याचा हा पहिला यत्न, असें आज बहुतेक इतिहासकार मानतात. त्यांचा निष्कर्ष लसीला अनुकूल नव्हता. एवढ्या पुराव्यावर ती सर्व लष्कराला टोचावी असें म्हणतां येत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहींत. स्वयंसेवक बोलवा, सर्वांचीं नांवें वहींत लिहा, आणि त्यांतील एकाआड एकालाच टोचा, असें त्यांनीं सुचविलें. म्हणजे दोन्ही बाजूंस आपण होऊन पुढें आलेलेच शिपाई राहतील, आणि जो फरक दिसेल तो लसीचाच असेल.

राइट संतापले. त्या वर्षीं दोघांमध्यें त्याच मासिकाच्या पानांवर झालेलें भांडण वाचण्यासारखें आहे. प्रयोगशाळेंत रक्ताचा थेंब तपासणाऱ्या माणसाला गणिताच्या खोलींत बसलेल्यानें शिकवावें, हेंच राइट यांना सहन झालें नाहीं. पीअरसन यांना मात्र थेंबाशीं कांहीं देणेंघेणें नव्हतें. ते माणसें मोजीत होते. लष्करानें मध्यम मार्ग काढला. विल्यम लीशमन व त्यांचे सहकारी यांच्या देखरेखीखालीं, परदेशीं जाणाऱ्या पलटणींबरोबर शिकविलेले वैद्य पाठवून, नोंदी काटेकोर ठेवून पुन्हां पाहणी झाली. लस खरोखरच उपयोगी आहे असा त्यांतून निष्कर्ष निघाला, आणि १९१४ च्या महायुद्धांत इंग्रजी फौजेंतील बहुतेक शिपाई टोचलेले होते. बोअर युद्धांत जो रोग फौजा खात होता तो या खेपेस फारसा डोकें वर काढूं शकला नाहीं. तेव्हां लसीविषयीं राइट बरोबर होते. आणि १९०४ पर्यंतच्या पुराव्याविषयीं पीअरसन बरोबर होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, हें मान्य करावयास वैद्यक व्यवसायाला पुढें फार वर्षें लागलीं.

एकाआड एकाची पीअरसन यांची सूचना पुढें अधिक कडक झाली. वैद्याला पुढचा क्रम ठाऊक असला म्हणजे तो नकळत आपल्या आवडीचा रोगी आवडीच्या बाजूला सारतो. म्हणून ब्रॅडफर्ड हिल यांनीं क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची कसोटी घेतांना मोहोरबंद पाकिटें वापरलीं. आंतील चिठ्ठी निघेल त्याप्रमाणें ५५ जणांना औषध व विश्रांति, आणि ५२ जणांना केवळ विश्रांति. तिचा निकाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर अशा चिठ्ठीच्या कसोट्यांचें जणूं पीकच आलें. शेंकडों, मग हजारों. आणि येथें जुनाच प्रश्न नव्या वेषांत पुढें आला. प्रयोग चांगले झाले. ते गोळा कोणीं करावयाचे?

आर्चिबाल्ड कॉक्रन या वेल्समध्यें काम केलेल्या वैद्यानें हा प्रश्न चारचौघांत विचारला. दुसऱ्या महायुद्धांत युद्धकैदी असतांना, हाताशीं औषधें जवळजवळ नसतां, हजारों रोगी सांभाळावे लागलेला हा मनुष्य. आपण करतों त्यांतलें किती खरोखर उपयोगाचें, असा संशय त्याला तेव्हांपासून लागलेला होता. १९७९ सालीं त्यानें व्यवसायबंधूंना स्पष्ट बोल लावला कीं, प्रत्येक शाखेंतील सर्व कसोट्यांचा पारखून केलेला व वेळोवेळीं सुधारलेला सारांश आपण अद्यापि तयार केलेला नाहीं. प्रसूतिशास्त्राला तर त्यानें सर्वांत मागासलेली शाखा ठरविलें होतें. ती टीका मनावर घेऊन इयन चामर्स व त्यांचे सहकारी यांनीं ऑक्सफर्ड येथें गर्भारपण व बाळंतपण यांवरील कसोट्या जमविण्यास आरंभ केला. कॉक्रन १९८८ सालीं वारले. १९९३ सालीं त्यांच्या नांवानें आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

त्या संस्थेनें आपल्या मुद्रेवर जें चित्र घेतलें त्याची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९७२ सालीं न्यूझीलंडमध्यें लिगिन्स आणि हाउई यांनीं दाखविलें कीं, दिवस भरण्यापूर्वींच प्रसूति होण्याचा संभव असलेल्या स्त्रीला स्टेरॉइड औषधाची थोडी मात्रा दिली तर बाळाचें फुफ्फुस लवकर पक्व होतें व तें जगण्याचा संभव वाढतो. औषध स्वस्त. त्यानंतर निरनिराळ्या देशांत आणखी कसोट्या झाल्या. त्या लहान होत्या. प्रत्येकीचा निकाल एकटा पाहिला तर बहुतेकींत निश्चित असें कांहीं म्हणतां येत नव्हतें. म्हणून प्रसूतितज्ज्ञ तो लेख वाचीत, "अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं" असें म्हणत आणि पान उलटीत. १९८९ च्या सुमारास पद्धतशीर आढावा घेऊन या कसोट्या एकत्र मांडण्यांत आल्या, तेव्हां मृत्यूचा धोका शेंकडा ३० ते ५० इतका घटतो असें दिसून आलें. मुद्रेवरील चित्र हेंच आहे. मध्यें एक उभी रेघ, तिच्या आसपास सात आडव्या रेघा, म्हणजे सात कसोट्या. त्यांतील बहुतेक उभ्या रेघेला ओलांडून जातात, म्हणजे एकेकटी कसोटी साशंक आहे. आणि खालीं सर्वांची बेरीज दाखविणारा छोटा चौकट रेघेच्या स्पष्ट डाव्या बाजूला आहे. दरम्यानच्या वर्षांत जीं अपुऱ्या दिवसांचीं बालकें मेलीं, त्यांतलीं पुष्कळ कोणाच्याहि दुष्टपणानें मेलीं नाहींत. माहिती छापलेली होती, पण एका टेबलावर आलेली नव्हती. मुलकोवालच्या एकोणीस मृत्यूंसाठीं चौकशी झाली, एका थोर माणसाची बदनामी झाली. या बालकांसाठीं कोणतेंहि कमिशन बसलें नाहीं.

असा पद्धतशीर आढावा घेण्याची रीत ऐकावयास साधी आहे. काय शोधावयाचें तें शोधण्यापूर्वींच लिहून ठेवावयाचें, म्हणजे मागाहून सोईचा प्रश्न शोधून काढतां येत नाहीं. छापलेलें आणि न छापलेलें दोन्ही धुंडाळावयाचें, कारण अपयशी कसोट्या कपाटांत राहतात आणि यशस्वी तेवढ्या मासिकांत येतात. कोणती कसोटी नीट झाली आहे हें एकानें नव्हे, दोघांनीं परस्परांस न विचारतां ठरवावयाचें. बेरीज सर्वांत शेवटीं. आणि निकाल परस्परांत फारच निराळे असतील तर बेरजेपेक्षां त्या निराळेपणाचें कारण अधिक मोलाचें.

या शेवटच्या गोष्टीचें उदाहरण आपल्याच देशांतील आहे. क्षयावरील बी. सी. जी. लसीनें इंग्लंडांतील शाळकरी मुलांत सुमारें शेंकडा ८० संरक्षण मिळतें असें दिसलें होतें. तमिळनाडूंतील चेंगलपट्टु भागांत १९६८ पासून लाखों माणसांवर घेतलेल्या प्रचंड कसोटीचा निकाल १९७९ सालीं बाहेर आला, तेव्हां फुफ्फुसांच्या क्षयाविरुद्ध तिचा कांहींच उपयोग दिसला नाहीं. एक निकाल खरा आणि दुसरा खोटा, असें म्हणण्याचा मोह दोन्ही बाजूंस झाला. १९९४ सालीं ग्रॅहम कोल्डिट्झ व त्यांचे सहकारी यांनीं जगांतील अशा कसोट्या एकत्र केल्या. सरासरी संरक्षण निम्म्याच्या आसपास निघालें. पण विषुववृत्तापासून ठिकाण जितकें दूर, तितका लसीचा गुण अधिक, असेंहि दिसून आलें. उष्ण प्रदेशांत क्षयाच्या जंतूंच्या जवळच्या जातीचे इतर जंतु माती-पाण्यांत पुष्कळ असल्यामुळें लसीचें काम झांकलें जात असावें, असा एक तर्क आहे. लहान बालकांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयावर मात्र ती उपयोगी आहे, म्हणून आपल्याकडे ती जन्मतांच टोचली जाते.

आतां मुंबईपासून दूर, महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला जाऊं. लहान मुलांच्या न्यूमोनियावर गांवांतच उपचार व्हावा, या विचारानें गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८८ मध्यें एक कसोटी सुरू केली. ५८ गांवांतील आरोग्यसेवक व सुइणी यांना मुलांचे श्वास मोजून रोग ओळखण्यास व साधें प्रतिजैविक औषध देण्यास शिकविलें. ४४ गांवें तुलनेसाठीं ठेवलीं. न वाचतां येणाऱ्या सुइणींसाठीं पुढें त्यांनीं एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेलें उपकरणहि तयार केलें. १९९० सालीं लॅन्सेट मासिकांत निकाल छापला गेला: न्यूमोनियानें होणारे मृत्यु तुलनेच्या गांवांत दर हजार मुलांमागें १७.५, आणि उपचाराच्या गांवांत ८.१.

येथें पीअरसन असते तर त्यांनीं काय विचारलें असतें, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. हा गुण औषधाचा कीं त्या दोघां डॉक्टरांच्या निष्ठेचा? गडचिरोलींत जें जमलें तें दुसरीकडे जमेल काय? एकट्या गडचिरोलीच्या आंकड्यांत याचें उत्तर नव्हतें, आणि असणें शक्यहि नव्हतें. सुनील सझावाल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनीं निरनिराळ्या देशांतील अशा कसोट्या प्रथम १९९२ सालीं, आणि मग २००३ सालीं नऊ ठिकाणांचे निकाल घेऊन पुन्हां, एकत्र तोलल्या. चार वर्षांपर्यंतच्या मुलांचे न्यूमोनियानें होणारे मृत्यु शेंकडा ३६ नीं, आणि सर्व कारणांनीं होणारे मृत्यु शेंकडा २४ नीं घटलेले आढळले. त्या आढाव्यांतील एका ओळींत नेपाळांतील डोंगराळ जुमला आहे, दुसरींत टांझानियांतील बागामोयो, तिसरींत पाकिस्तानांतील अबोटाबाद, आणि त्याच आकाराच्या अक्षरांत एका ओळीवर गडचिरोली.